माझ्या मापाचा कोट

आमची सून गल्लीतल्या दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळते. शिंपीकाका, बेकरीवाला, चष्मेवाली, सगळे तिच्याकडेच. त्यांची माहिती क्लाउडवर एका कंपनीच्या डेटाबेसमध्ये असते. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस, म्हणून तिने मला सोपं करून सांगितलं. कोठार कंपनीचं, राखण कंपनीची, रोजची नक्कलही कंपनीच काढून ठेवते. मला ते इतकं आवडलं, की भेटेल त्याला ऐकवत सुटलो.

तर झालं असं. शिंपीकाकांच्या वेबसाइटवर गिऱ्हाइकाचं माप बदलायची नवी सोय तिने केली आणि तपासायला माझी मापं टाकली. मी म्हणजे हाडांचा सापळा. अशी तपासणी वेगळ्या प्रतीवर करायची असते. ही घाईत खऱ्या डेटाबेसवरच झाली, आणि माझी मापं बसली बेकरीवाल्याच्या नावावर. बेकरीवाला दारातून तिरका होऊन आत येणारा गडी.

पुढे शिंपीकाकांचा फोन आला. नवा कोट बेकरीवाल्याच्या कोपराच्या वर सरकेना, मापं बघ जरा. सुनेने बघितलं, तर तिथे माझी मापं. तिने कंपनीच्या नकलेतून जुनं माप काढलं, गुपचूप जागेवर बसवलं आणि म्हणाली, "मापं तर बरोबर आहेत, काका."

मग चूक कोणाची? कापड कापणाऱ्या मामांची. शिंपीकाकांनी भर दुकानात त्यांना विचारलं, डोळे गेले का तुमचे. मामांनी कात्री खाली ठेवली.

चष्मेवाली आमच्याकडे येऊन सहज सांगून गेली, मामा डोळे तपासून गेले, डोळे ठणठणीत आहेत, पण कात्री धरायला धजत नाहीत. सून भरल्या ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ती दुकानात गेली. मामा कोपऱ्यात बसून बटणं लावत होते. ती शिंपीकाकांकडे न बघता मामांपुढे उभी राहिली.

"मामा, माप मी बिघडवलं होतं. आणि मीच ते लपवलं."

मामांनी सुई कापडात खोचली. "मला वाटलं, झालं आता आपलं," एवढंच म्हणाले, आणि शिंपीकाका उठून उगीच शटरशी खटपट करू लागले.

बेकरीवाल्याच्या दुसऱ्या कोटाचं कापड सुनेने आणून दिलं. मामांनीच कापलं. पहिला कोट मात्र आमच्या घरी आला, आणि मला असा बसतो, जणू माझ्यासाठीच बेतलेला. एकदा घालून आरशासमोर मिरवलो. सून दारात आली, बघितलं आणि मान खाली घालून परत गेली. तेव्हापासून तो कपाटात आहे.