दुसरा धक्का

अर्धा रिकामा झालेला पाण्याचा टँकर थांबल्यानंतरचा आवाज तुम्ही कधी कान देऊन ऐकला आहे का? चाके थांबलेली असतात, इंजिनाची घरघर निवालेली असते, आणि मग क्षणभराच्या अवकाशाने त्या पोलादी पोटातून एक घनगंभीर 'धब्ब' उमटतो. गाडी थांबली तरी पाणी अजून थांबलेले नसते! सोलापूरच्या वैशाखात, उन्हाने पांढऱ्याफटक पडलेल्या रस्त्यावर, तो आवाजसुद्धा किती गार वाटतो!

कुंभारीला आमच्या वसाहतीत हा टँकर घेऊन येतात हसनभाई. गाडी त्यांचीच, चालवतातही तेच. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या टाकीचा एकच सांधा पुनःपुन्हा उकलत होता. वेल्डिंग करून आणावे, चार दिवस बरे जावेत, आणि पुन्हा त्याच जागी पाण्याची बारीक धार लागावी. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि संगणकावर पाण्याच्या हालचालीचे गणित मांडते, हे त्यांच्या कानावर आले होते. एकदा नळी गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "म्याडम, तुमच्या कॉम्प्युटरला विचारा की, हितंच का फुटतंय?"

नेमक्या अशाच प्रश्नांसाठी मी कित्येक महिने बसले होते, हे त्यांना कुठे ठाऊक होते? पाण्याचे गणित करणारे एक सॉफ्टवेअर असते आणि पत्र्याचे गणित करणारे दुसरे. पहिल्याला पाण्याचा दाब उमगतो, पण पत्रा त्याच्या लेखी अविचल भिंत असते. दुसऱ्याला पत्र्याचे वाकणे उमगते, पण पाणी त्याच्या लेखी केवळ बाहेरून दिलेला एक आकडा. प्रत्यक्षात मात्र पाणी पत्र्याला ढकलते, पत्रा वाकतो, आणि वाकलेला पत्रा पाण्याची वाट बदलतो. या दोघांमध्ये क्षणोक्षणी देवाणघेवाण घडवून आणणारा जो छोटा प्रोग्रॅम, त्याला अडॅप्टर म्हणतात. तो मी आणि शिवलीला लिहीत होतो. शिवलीला कर्नाटकाच्या सीमेलगतच्या मैंदर्गीची, पूर्वी माझी विद्यार्थिनी, आता सहकारी. फोनवर आईशी कन्नडमध्ये भरभरून बोलणारी आणि माझ्यासमोर मोजकेच बोलणारी. तयार झालेला अडॅप्टर आम्ही इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवला होता. कुणीही तो घ्यावा, उघडून पाहावा, सुधारावा. या औदार्याचा मला, खरे सांगते, थोडा गर्वही होता.

हसनभाईंच्या टाकीची मापे घेऊन आम्ही गणित मांडले आणि एका सकाळी लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. पडद्यावरचा टँकर थांबला, निळे पाणी पुढच्या भिंतीवर आपटले, मागे परतले, स्थिरावले. त्यांनी ते दोनदा पाहिले.

"पहिला धक्का बरोबर हाय," ते म्हणाले. "पन दुसरा कुटं गेला? पानी परत येऊन मागनं मारतंय, त्यो मार खरा. सीटवर बसलं की पाठीला कळतंय. तुमचं पानी लई लवकर शांत झालं."

मी त्यांना घर्षणाविषयी, ऊर्जेच्या ऱ्हासाविषयी समजावून सांगितले. केवढ्या आत्मविश्वासाने सांगितले! ते अदबीने म्हणाले, "व्हय, असंल." त्या 'असंल'मध्ये विरोध नव्हता, आणि मान्यता तर मुळीच नव्हती. कॉलेजकडे निघताना स्कूटरवर मागे बसलेली शिवलीला हळूच म्हणाली, "मॅडम, त्यांचंच बरोबर असलं तर?"

 त्या दिवसापासून आम्ही आमच्याच प्रोग्रॅमची ओळ न् ओळ तपासू लागलो. तिसऱ्या आठवड्यात चूक सापडली. दोन्ही सॉफ्टवेअरचे एकमत होईपर्यंत काळाचा तोच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा गणावा लागतो, आणि प्रत्येक वेळी सारे काही त्या तुकड्याच्या आरंभी नेऊन ठेवावे लागते. आमचा अडॅप्टर पाण्याची जागा मागे नेत होता, पण त्याचा वेग मागे न्यायला विसरत होता. दर फेरीला पाण्याचा थोडा थोडा जोर नकळत हरवत होता. एका ओळीची उणीव!

अशा खुल्या प्रकल्पात कोणता भाग कुणी लिहिला याची नोंद राहते. शिवलीलाने ती उघडली, आणि त्या निमिषार्धात माझ्या मनात काय आले ते मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. 'तिचे नाव निघावे,' असे मला वाटले. जिला मी शिकवले, जिच्या शंकेमुळे आम्ही इथवर पोचलो, तिचे! माणूस स्वतःला किती कमी ओळखतो, नाही? नाव माझे निघाले.  शिवलीलाने पडद्यावरची ती नोंद बंद केली आणि पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. पुढच्या आवृत्तीत 'किरकोळ सुधारणा' एवढेच लिहून ती सरकवता आली असती. मी शिवलीलाला तसे सुचवलेही.

"लोकांनी वापरलंय की, मॅडम," ती म्हणाली. "त्यांना कसं कळणार?"

दोनच वाक्ये, पण माझ्या साऱ्या औदार्याचा रंग त्यांनी उतरवला. खुले ठेवणे म्हणजे नुसते वाटून टाकणे नव्हे. आपली चूक चारचौघांना दिसेल अशा जागी उभे राहणे, हेही त्यात आले. मी जाहीर सूचना लिहिली: चूक माझी आहे, आधीच्या आवृत्तीने काढलेली उत्तरे पुन्हा तपासावीत.

दुसऱ्याच दिवशी परदेशातल्या एका अनोळखी विद्यार्थिनीचे पत्र आले. भूकंपात हलणाऱ्या पाण्याच्या टाक्यांवर ती प्रबंध लिहीत होती. त्यातले एक अख्खे प्रकरण आमच्या अडॅप्टरवर उभे होते आणि प्रबंध सादर करायची वेळ जवळ आली होती. शेवटी एवढेच होते: 'आता मी काय करू?' त्या प्रश्नात राग असता तर मला सोपे गेले असते. मी क्षमा मागितली, तिची गणिते मागवून घेतली, आणि सुट्टीत ओस पडलेल्या प्रयोगशाळेतले सगळे संगणक आम्ही दोघींनी तिच्या कामाला लावले. उत्तर उलटे आले. पत्र्याची जी जाडी तिने पुरेशी ठरवली होती, ती पुरेशी नव्हती. ते तिला कळवले, आणि मग तिच्याकडून काही आलेच नाही.

मधल्या दिवसांत हसनभाईंचे गणितही नव्याने झाले. या वेळी पाणी परतले, आणि मागच्या बाजूला, नेमक्या त्या उकलणाऱ्या सांध्यावर आदळले. टाकीच्या मध्यावर भोके पाडलेला एक आडवा पत्रा बसवायचे ठरले. तो बसवल्यावर महिनाभराने ते म्हणाले, "अजून तरी थेंब न्हाय." 'अजून तरी' हे त्यांचे शब्द मला आवडले. शास्त्राला याहून अधिक बोलण्याचा अधिकार तरी कुठे असतो?

आणि मग एका दुपारी त्या परदेशातल्या विद्यार्थिनीचे उत्तर आले. प्रकरण तिने नव्याने लिहिले होते. मुदत वाढवून मिळाली होती. सोबत एक छोटी चाचणी होती: एक लवचीक भिंत, थोडे पाणी, आणि परतीच्या धक्क्याचे मोजमाप. अडॅप्टरमध्ये कुणीही, कधीही बदल केला, की ती आपोआप चालेल आणि तीच चूक पुन्हा झाली तर लगेच सांगेल. 'मी पंधरा दिवस तुमच्यावर रागावले होते,' तिने लिहिले होते. 'नंतर वाटले, त्यापेक्षा हे लिहावे.'

शिवलीलाने ती चाचणी चालवली. जुन्या आवृत्तीवर तिने चूक दाखवली, नव्या आवृत्तीवर दाखवली नाही.

"अडॅप्टरमध्ये घेऊ का, मॅडम?"

"घे," मी म्हणाले. "आणि लिहिणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव टाक. माझ्या वर."