आवाज आला की बटण दाब

आलापल्लीत आमची आरा मशीन घराला लागूनच आहे. सागवान चिरताना ती अशी कोकलते की आमच्या घरात कोणी हळू बोलतच नाही. ओरडायचं आणि सोबत हातानं खूण करायची: पाणी आण, जेवायला ये, बाजूला हो. पाहुणे विचारत, "भांडून राह्यले का रे?" आम्हाला हसू यायचं.

शाळेतून मात्र तक्रार आली होती, तुमची पोरगी ऐकत नाही. मी तिला दोन थापडा दिल्या होत्या. माझा हात लवकर उठतो.

या उन्हाळ्यात मेहुण्यानं दुबईला बोलावलं. पोरांच्या हट्टापायी तिथल्या विज्ञान संग्रहालयात गेलो. एका काचेच्या खोलीत हेडफोन होते. आवाज आला की बटण दाबायचं, बरोबर दाबलं की दिवा लागायचा. मुलानं पटापट दिवे लावले. मग आठ वर्षांची पोरगी बसली. दिवा काही लागेना.

"दाब ना माय, काऊन बसून राह्यली?" मी काचेबाहेरून खूण केली. तिनं माझा हात पाहिला, हसली आणि बटण दाबलं.

तिथली बाई हिंदीत म्हणाली, मुलीला तुमच्याकडे पाठ करून बसवा. बसवलं. एकही दिवा लागला नाही.

"मशीनच बिघडली असन," बायको म्हणाली. मी तर त्या बाईशी भांडलोच. शेवटी बायकोनं तोच हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. तिला प्रत्येक आवाज नीट ऐकू येत होता. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला, पोरीचं उरलंसुरलं ऐकणंही जाईल. वर्षानुवर्षं हळूहळू जात होतं म्हणे. आमच्या ओठांवरून, हातांवरून पोरगी सगळं समजून घेत होती, आणि आम्ही गाढवं तिलाच हट्टी म्हणत होतो.

तरी मन मानेना. जेवणाच्या वेळी मशीन थांबली की ती रोज मागच्या खोलीतून धावत यायची. ऐकल्याशिवाय कशी येईल? घरी परतल्यावर मी भर सकाळी, कोणाला न सांगता मशीन बंद केली.

ती आली धावत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यासमोर उकिडवा बसून मी विचारलं, "तुले कसं समजलं वं?"

तिनं अनवाणी पाय फरशीवर आपटून दाखवला.

"इथी थरथर थांबते ना, बाबा. पायाले समजते."