साडेसातची मोटार आणि अणुकराराचा खटला

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला मी एका विषयात नापास झाले आणि त्याचं कारण परदेशातला अणुकार्यक्रम होता, हे माहेरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही. कुरकुंभच्या औषध कारखान्यात तपासणी विभागात नोकरी, राहायला दौंडला भाड्यानं, आणि चाळिशीत वकील व्हायची हौस. शेवटच्या वर्षाला अभिरूप न्यायालय असतं. खटला खोटा, न्यायालय खोटं, गुण मात्र खरे.

आमचा खटला असा होता. एका देशानं अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलीय. अणुशक्ती विजेसाठी वापरू, बाँब करणार नाही, आणि वेगळ्या करारानं युरेनियम ठरल्यापेक्षा जास्त समृद्ध करणार नाही, असं लिहून दिलंय. शेजारी म्हणतात, हा चोरून करतोय. निरीक्षक दारात उभे आहेत आणि देश दार उघडत नाही. टीव्हीवर इराणचं चाललेलंच होतं, त्यामुळे कुणाला वेगळं समजवावं लागलं नाही. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला नेमका दार न उघडणारा देश आला. न्यायाधीश म्हणून शिरूरच्या कोर्टातले एक जुने वकील बोलावले होते. त्यांनी चष्मा पुसत एकच प्रश्न विचारला, "दडवण्यासारखं काही नाही, तर दार का उघडत नाही?" मी पाणी मागितलं, प्याले, आणि खाली बसले. संपला खटला.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच खटला, तेच वकील, आणि चिठ्ठीत पुन्हा तोच देश. या वेळी गेलं की पदवी गेली, कारण आणखी एक वर्ष रात्रपाळ्या अदलाबदल करून द्यायला कारखाना काही माझा सासरा नव्हता. सासरे होते ते कवठे येमाईला, आणि शेवटी मी त्यांच्याच पायाशी गेले.

आमचे आबा, म्हणजे सासरे, गावच्या तंटामुक्ती समितीचे माजी अध्यक्ष. बांध, पायवाट, कोंबड्या, कसलंही भांडण त्यांनी चहावर मिटवलेलं. फक्त स्वतःचं सोडून. त्यांची आणि धाकट्या भावाची, म्हणजे आप्पांची, विहीर सामाईक. वाटणीच्या वेळी स्टँपवर लिहून घेतलेलं, की दोघांनी पाच-पाच हॉर्सपॉवरचीच मोटार लावायची. चार वर्षांपूर्वी आबांनी आपल्या मोटारीच्या खोलीला अचानक मोठं कुलूप घातलं आणि तेव्हापासून आप्पा पारावर बसून सांगू लागले, की थोरल्यानं आत साडेसातची बसवलीय, विहीर उपसून खातोय. दोघांचं बोलणं बंद. समितीनं दोनदा खोली बघायला मागितली. आबांनी दोन्ही वेळा सगळ्यांना चहा पाजला आणि किल्ली सापडत नाही म्हणाले.

तर सुट्टीला मी कवठ्याला जायची आणि आबा न्यायाधीश होऊन बाजेवर बसायचे. मी उभी राहून करार वाचायची. पहिल्याच दिवशी अडलं. ज्या पाच देशांनी आधीच बाँब करून ठेवलेत ते अण्वस्त्रधारी म्हणून मान्य, बाकीच्यांनी करायचे नाहीत, हे कलम त्यांना पटेना.

"म्हंजी ज्यांच्या हिरी आधी खांदून झाल्या त्यांच्या चालू," आबा म्हणाले, "आन् बाकीच्यांनी कुदळ घरात ठिवायची?"

मी म्हणाले, जवळजवळ तसंच. आपल्या देशानं सही केली का, त्यांनी विचारलं. नाही केली म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं. सही केली की बघायला माणसं येतात, हा त्यांचा सिद्धान्त. तीन महिन्यांची नोटीस देऊन करारातून बाहेर पडता येतं, हे कळल्यावर तर त्यांनी स्वतःचा जुना स्टँप कुठं आहे याची चौकशी केली.

एकदा मी जेवताना बोलून गेले, की टीव्हीवर दाखवतात तसली गरगर फिरणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं आमच्या कारखान्यातही आहेत, औषधाची भुकटी पाण्यातून वेगळी काढायला. युरेनियमची निराळी असतात हे सांगेपर्यंत बातमी गावात फिरली होती. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत बायकांनी मला रांगेत पुढं जाऊ दिलं. मी गेले. उगाच कशाला नाही म्हणा.

चौथ्या खेपेला मी त्या प्रश्नाशी आले. आबांनी मला विचारायचं आणि मी उत्तर द्यायचं, असं ठरलेलं. पण उत्तरच नव्हतं. वैतागून मीच त्यांना विचारलं, "आबा, तुम्ही सांगा. दडवण्यासारखं काही नाही, तर दार का उघडायचं नाही?"

आबा बाजेवरून उठले. मला वाटलं, रागावले. टोपी घातली, कनवटीची किल्ली काढली, आणि विहिरीकडं चालू लागले. मी मागोमाग. कुलूप उघडलं, दार ढकललं. आत कोळिष्टकं, खताच्या रिकाम्या गोण्या आणि एक एवढीशी मोटार. मी वाकून पाटी वाचली. तीन हॉर्सपॉवर.

पाचची चार वर्षांपूर्वी जळाली होती. कांद्याला पाणी हवं होतं म्हणून घाईत कुणाचीतरी जुनी तीनची आणून जोडली, आणि पुढं शेताला ठिबक केल्यावर तीनचीच पुरायला लागली. बदलायचं कारणच उरलं नाही.

"तीनची म्हंजी परसातल्या भाजीची मोटार," आबा दाराकडं पाठ करून म्हणाले. "अध्यक्ष मानूस मी. गावाला साडेसात वाटती, तर वाटू दे. पर आप्पाला कळता कामा न्हाई."

मी शब्द दिला. हसू इतकं आलं होतं की ते दाबायला मला गोण्या मोजाव्या लागल्या. पण परत येताना माझी पावलं हलकी पडत होती, कारण उत्तर सापडलं होतं. जे आहे ते दडवण्यापेक्षा जे नाही ते दडवायला माणसाला जास्त जाड कुलूप लागतं.

परीक्षेच्या दिवशी बघते तर कॉलेजच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत आबा, आणि त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला आप्पा. सून कोर्टात बोलणार म्हणून दोघंही एकाच जीपनं आले होते, एक पुढं बसून, एक मागं.  वकीलसाहेबांनी चष्मा पुसला आणि तोच प्रश्न विचारला.

उत्तर जिभेवर होतं आणि समोर आप्पा कानामागं हात धरून ऐकत होते. बोलले तर आबांची अब्रू जाणार, गप्प बसले तर पदवी. मी पाण्याच्या ग्लासाकडं हात नेला. आबांनी मान खाली घातली. मग मी ग्लास तिथंच ठेवला.

"महोदय," मी म्हणाले, "दार न उघडणं हा गुन्ह्याचा पुरावा नाही. कधीकधी आत लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी असतं, आणि ते शेजाऱ्याला कळण्याची भीती जास्त असते. म्हणून निरीक्षकांनी जरूर यावं, पण मर्यादा ओलांडली की नाही एवढंच सांगावं. किती कमी आहे, ते गावभर करू नये."

"गावभर?" वकीलसाहेबांनी विचारलं. मी घाईनं "जगभर" केलं. हॉल हसला, तेही हसले, आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. मी पास झाले. संध्याकाळी यादी लागली तेव्हा मी ती तीनदा वाचली.

बाहेर रसाच्या गाड्यावर आबा ओळखीच्या माणसाशी बोलत थांबले होते. आप्पांनी मला बाजूला घेतलं. 

"तीनची हाय ना?" त्यांनी हळूच विचारलं.

माझ्या उत्तराची वाट न बघता ते म्हणाले, "आगं, चार वर्सं झाली मला कळून. मोटारीचा आवाज मला कळत न्हाई व्हय? पाचची जळाली तवा वास माझ्याच रानात आला."

"मग साडेसात, साडेसात का म्हणता?"

"त्यानं कुलूप घातलं तवा कळलं मला, त्याला लाज वाटती. मी साडेसात म्हणतो म्हणून त्यो गावात ताठ चालतो. मी गप बसलो, तर एखादा कवातरी विचारंलच, आत हाय तरी काय." त्यांनी आबांकडं बघितलं. "बोलनं सोडावं लागलं, त्याला इलाज न्हाई. बोलाय लागलो तर बोंब मारता यायची न्हाई."

पास झाल्याचं रडू मला तोवर आलं नव्हतं. ते तिथं, रसाच्या गाड्यापाशी आलं, आणि मी ते पदरानं पुसेपर्यंत आबा आमच्याकडं येताना दिसले. आप्पांनी लगेच आवाज चढवला. त्या वकिलाला सांग म्हणाले, आमच्या कवठ्यात बी एक साडेसातची मोटार हाय, तिचा बी निकाल लावा म्हणावं.

आबांनी टोपी सरळ केली, मान ताठ करून आमच्या शेजारून गेले, आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसले.