व्याह्यांची अडकणारी काडतुसं

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं येतं, तेवढं सांभाळून घ्यावं. पण आमच्या व्याह्यांइतका हट्टी माणूस भारत आणि अमेरिका दोन्ही चाळून काढले तरी दुसरा सापडणार नाही. हे चारचौघांत बोलायला मला लाज वाटते, म्हणून कागदावर बोलते.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत अ‍ॅशबर्नला गेले, तेव्हा लेक सासू-सासऱ्यांजवळच राहत होती. लेकीच्या सासरी महिनोन् महिने राहायचं म्हणजे मला घोटभर पाणी प्यायचं तरी संकोच. व्याह्यांना मात्र संकोच हा शब्दच ठाऊक नव्हता. मूळचे नागपूरचे, इंजिनियर म्हणून तीस वर्षं अमेरिकेत नोकरी केलेले आणि आता रिटायर झालेले. घरातली कुठलीही वस्तू बिघडली की त्यांच्या चेहऱ्यावर सण आल्यासारखं तेज यायचं. मी गेले त्याच आठवड्यात डिशवॉशर बंद पडला. दुरुस्तीवाला आला, त्याला यांनी चहा पाजला, मशीन कसं चालतं ते समजावलं आणि परत पाठवलं. पुढचे कितीतरी दिवस आम्ही भांडी हातानं घासली. शेवटी बिघाड सापडला, तो त्यांनी घरच्यांना सांगितला, फोनवर नागपूरला सांगितला, आणि पोस्टमन पत्रं टाकायला आला तर त्यालाही सोडलं नाही. काय बिघडलं आणि का बिघडलं, हे मुळापासून सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

अशा माणसाला शिकारीचा नाद. मी अंडंसुद्धा न खाणारी, पण त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यासाठी वेगळा तवा आणून ठेवला, त्यामुळे मला काही बोलायला जागा राहिली नाही. काडतुसंही ते विकतची वापरत नसत. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवायची, तळघरातल्या प्रेसचा दांडा ओढून तिची मान, म्हणजे गोळी बसते तो निमुळता भाग, पुन्हा आवळायची, आणि दारू व गोळी भरून ती पुन्हा वापरायची. माई, म्हणजे आमच्या विहीणबाई, म्हणायच्या, "माझी एक साडी तरी कधी इतकी जपलीत का?"

शिकारीतला त्यांचा सोबती म्हणजे वॉल्टर नावाचा म्हातारा. दर हिवाळ्याच्या तोंडाला दोघं पश्चिमेच्या डोंगरात जायचे आणि हरणाचं मांस अर्धं अर्धं वाटून घ्यायचे. त्या उन्हाळ्यात वॉल्टर वारला. त्याची बंदूक त्याचा मुलगा टेक्सासला घेऊन गेला. वॉल्टरच्या बायकोनं व्याह्यांना एक पत्र्याचा डबा दिला, त्यात वॉल्टरनं झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या होत्या. व्याह्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला की यंदाचं हरीण वॉल्टरच्याच पुंगळीनं मारीन आणि तुझा वाटा दारात आणून देईन.

त्यांनी काडतुसं भरली आणि ती घेऊन नेमबाजीच्या मैदानावर गेले. संध्याकाळी तोंड पाडून परत आले. काडतूस नळीत जायचं, पण नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट बसतच नव्हता.

"जोर लावून बघायचं," माई म्हणाल्या.

"बंदुकीला जोर लावत नसतात! ते काय लोणच्याच्या बरणीचं झाकण आहे?"

जावई म्हणाले, "बाबा, एक बॉक्स विकत घ्या ना यार. शनिवारी शिकारीचा सीझन संपतोय."

"शब्द बॉक्सचा दिलेला नाही," व्याही म्हणाले आणि तळघरात उतरले.

त्यांनी सगळ्या काडतुसांतल्या गोळ्या उपटून काढल्या, दारू वेगळी केली. "बंदूक घरात असताना पुंगळी रिकामीच पाहिजे," असं मला दोनदा बजावलं, जणू मीच बंदूक भरणार होते. गोळी फार बाहेर राहते अशी शंका आली म्हणून नुसत्या पुंगळीत गोळी खोल बसवून पाहिली. अडकली. पुंगळीची मान लांब झाली असेल म्हणून तोंड कातरलं. अडकली. बंदुकीची नळी आतून इतकी घासली की माई म्हणाल्या, "आता तिला उटणं लावा." तरी अडकली. जेवायला बसले तरी यांच्या ताटाशेजारी ती पुंगळी, आणि वरणभात कालवता कालवता तिच्याकडे रोखून बघणं चालूच.

गुरुवारी सकाळी माझी फजिती झाली. नुकत्याच जन्मलेल्या बाळासाठी काजळ धरायला मी एरंडेलाचा दिवा लावून वर तांब्याची ताटली धरली, आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही बोंबलला की सगळं घर स्वयंपाकघरात गोळा झालं. मला भूमीनं पोटात घ्यावं असं झालं. व्याह्यांनी स्टुलावर चढून भोंगा बंद केला, खाली उतरले आणि ताटलीकडे बघत तसेच उभे राहिले.

"विहीणबाई, यातलं थोडं काजळ मला द्याल?"

"बाळाला कमी पडेल हो," माई म्हणाल्या. "तुम्हाला काय डोळ्यांत घालायचंय?"

त्यांनी रिकाम्या पुंगळीला अंगभर काजळ फासलं, ती हलकेच बंदुकीत सरकवली आणि बाहेर काढली. जिथे घासली तिथलं काजळ निघून पितळ चमकत होतं. मानेच्या खाली, पुंगळी रुंदावते त्या खांद्यावर.

"खांदा! खांदा अडतोय!" ते ओरडले आणि त्याच जागी सगळा खुलासा केला. पुंगळी ज्या बंदुकीत झाडली जाते, तिच्या मापाची फुगते. एकाच जातीच्या दोन बंदुका, तरी आतून केसभर फरक असतोच. स्वतःच्या पुंगळ्यांची ते नुसती मान आवळत आले, कारण बाकीचं माप आधीच जमलेलं असायचं. त्याच सवयीनं वॉल्टरच्या पुंगळ्यांचीही नुसती मानच आवळली. या पुंगळ्या वॉल्टरच्या बंदुकीच्या घरात वाढलेल्या. त्या इथं कशा बसतील?

"मी तीस वर्षं बसवून घेतेय की," माई म्हणाल्या.

मग त्यांनी दुसरा साचा प्रेसवर चढवला, सगळं अंग दाबून खांदा मागे सारणारा. पहिली पुंगळी बंदुकीत घातली आणि दाराची कडी बसावी तसा बोल्ट बसला. आम्ही त्यांच्या ओरडण्याची वाट बघत राहिलो. ते मात्र पुंगळी हातात घेऊन अंगठ्यानं नुसतं चोळत बसले. "आता माझ्या मापाची झाली," एवढंच म्हणाले. मग एकेक करत डबा संपवला.

शुक्रवारी त्यांना हरीण मिळालं. रविवारी ते वॉल्टरच्या बायकोचा वाटा पोचवायला निघाले. तिला बाळ बघायचं होतं, म्हणून बाळाला घेऊन मीही गेले. ती बाई दारातच वाट बघत उभी होती. व्याह्यांनी मांसाची पिशवी दिली आणि झाडलेली पुंगळी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं मूठ मिटून इंग्रजीत काहीतरी विचारलं. आता हे खांद्यापासून काजळापर्यंत सगळं पुराण लावणार, म्हणून मी बाळाला घेऊन ओसरीवरच्या खुर्चीत नीट टेकून बसले. पण ते दोन शब्द बोलले आणि थांबले. बाई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

परतताना गाडीत मी धीर करून विचारलं, "काय म्हणत होत्या त्या?"

"त्याची काडतुसं नीट चालली का, म्हणून विचारलं."

"मग?"

"म्हटलं, पहिल्या फटक्यात." ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "त्या पुंगळ्यांना त्याच्या बंदुकीचं माप होतं, विहीणबाई. मी ते दाबून काढून टाकलं. हे तिला कसं सांगायचं?"

मी म्हटलं, "सांगितलं नाहीत ते बरं केलंत."

त्यांनी मान हलवली. बाळ माझ्याशेजारी त्याच्या खुर्चीत गाढ झोपलं होतं.