कधीच न चुकणारा अंदाज

ज्योतिषीबुवा हल्ली चहाच्या टेबलावर गप्प असतात. कारण लाजिरवाणं आहे, म्हणून ते स्वतः सांगत नाहीत.

बुवांचं काम नव्या वाणांची रोपं एकसारखी येतात का, हे दोन वर्षं लावून तपासण्याचं. शंभर रोपांत तीन वेगळी निघाली तर चालतं, चौथं निघालं की वाण नापास. पहिल्या वर्षाची मोजणी हाती आली की बुवा संभाव्यतेचं गणित मांडत आणि दुसऱ्या वर्षाचा निकाल आधीच सांगून टाकत. "दहात नऊ वेळा हा नापास," ते म्हणत, आणि तो नापास होई. बावीस वर्षांत अंदाज एकदाही चुकला नाही. ऑफिसनं ज्योतिषी नाव ठेवलं, तेव्हा तर स्वारी हवेतच गेली.

यंदा एका बाईंनी अकरा वर्षं खपून तयार केलेला टोमॅटो होता. बुवांचं भाकीत नेहमीचंच, नापास. मोजताना तीन वेगळी रोपं सापडली, आणि शेवटच्या ओळीत एक बुटकं दिसलं. असं रोप उपटून आधी मुळं बघायची; कीड असेल तर ते मोजायचं नाही. पण खरं ठरायची चटक वाईट. बुवांनी मोजणीच्या कागदावर चौथी खूण केली आणि शीळ घालत चहाला गेले.

निकालाआधी वाणाच्या मालकाला रोपं दाखवतात. बाई आल्या, ओळीत उकिडव्या बसल्या आणि त्यांनी ते बुटकं रोप उपटलं. मुळं अळीनं कुरतडली होती.

"हेही मोजलंत?"

"चुकलं माझं, बाई." बुवांचे कान तापले. "आत्ता खोडतो. तीनच आहेत. तुमचा वाण पास."

खोडलेली खूण बाईंनी नीट बघून घेतली. मग हातांची माती झटकत म्हणाल्या, "तुमचा अंदाज म्हणे कधीच चुकत नाही. ते कसं काय हो?"

टोमणा नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. बुवा मनातल्या मनात हिशेब करू लागले. दहात नऊ म्हणजे एकदा चुकायलाच हवं. 'दहात नऊ नापास' त्यांनी आजवर साठेक वाणांना तरी सांगितलं होतं. म्हणजे सहा वेळा तोंडावर पडायला हवं होतं, आणि आजच्या आधी ते एकदाही पडले नव्हते. बाई फाटकाबाहेर गेल्या तरी ते मान खाली घालून तिथंच उभे होते. साठातले विनाकारण नापास झालेले ते सहा कोणते, हे कुठलंही गणित त्यांना सांगणार नव्हतं.