ड्रायव्हर मिसिंग आहे

घरच्या ग्रुपवर तो मजकूर मी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी टाकला. तो असा होता: "ड्रायव्हर मिसिंग आहे. त्यामुळे नेटवर्क नाही. जुन्नरला आले आहे. शोध चालू आहे." चार छोटी वाक्यं. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

माझा लॅपटॉप आठवडाभर रडतखडत चालत होता. ओतूरमधल्या एका दुकानात तो दाखवला. आमच्याकडे कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध आहे, ते म्हणजे ‘फॉरमॅट मारणे’. दुकानदाराने ते दिलं. लॅपटॉप घरी आला तेव्हा झटपट सुरू होत होता, पण त्याचा आवाज गेला होता आणि इंटरनेटही. वायफायची खूण जिथे असते तिथे नुसता पृथ्वीचा गोल दिसत होता. वर्तमानपत्रातली नोकरी सोडल्यापासून मी ओतूरच्या घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते, त्यामुळे इंटरनेट नाही तर काम नाही. सकाळच्या एसटीने लॅपटॉप घेऊन जुन्नर गाठलं. निघण्याआधी पुण्यातल्या भाच्याला फोन केला. लॅपटॉप त्यानेच निवडून दिला होता. तो म्हणाला, "काय निघतं ते ग्रुपवर टाक, मावशी. मी वेळ मिळाला की बघतो."

ग्रुपवर तीसेक माणसं आहेत. लॅपटॉपचं त्यांतल्या फक्त भाच्याला माहीत होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण लिहिताना आठवलं नाही.

दुकान जुन्या पेठेतल्या बोळात आहे. पुढच्या अर्ध्या भागात साड्या आणि ब्लाउजपीस, मागच्या अर्ध्यात कॉम्प्युटर. दुकानदार पन्नाशीचा. घराणं राजस्थानातून आलेलं, पण किती पिढ्यांमागे ते त्यालाही नीट सांगता येत नाही. बोलतो जुन्नरचंच.

"फॉरमॅट कुणी मारला?" त्याने विचारलं.

"ओतूरला."

"मारला ते ठीक. पण न्हाऊ घालून पोराला तसंच उघडं सोडलंय, ताई. कपडे कोण घालणार?"

त्याने पडद्यावर एक यादी उघडली. यादीत चार ठिकाणी पिवळे त्रिकोण होते. "हे बघा. ड्रायव्हर मिसिंग. वायफायचा नाय, आवाजाचा नाय. वायफायचं यंत्र आत ठणठणीत हाय, पण ते चालवायचं कसं, हे मशीनला म्हाईतच नाय. गाडी दारात उभी, चालवणारा नाय, असं झालंय."

"मग चालवणारा आणा."

"तो इंटरनेटवर असतो."

"इंटरनेट नाही म्हणून तर मी आले."

"हीच तर गंमत हाय ना, राव!" तो हसला. मीही हसले. त्याने लॅपटॉप उलटा केला आणि पोटावरच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर भिंगातून वाचू लागला, नेमका कुठला ड्रायव्हर लागेल ते शोधण्यासाठी. तेवढ्या वेळात मी भाच्यासाठी तो मजकूर लिहिला. दुकानदाराचेच शब्द घेतले. मोजके, बिनचूक. लिहून झाल्यावर एकदा वाचलाही. सवय आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आमच्या घरात ड्रायव्हर म्हटलं की एकच माणूस समजला जातो. माझा थोरला चुलत भाऊ. त्याची पिकअप आहे. ओतूरचा कांदा आणि तरकारी माळशेज घाटातून कल्याणला नेतो. त्याला घरात, गल्लीत, ग्रुपवर सगळे ड्रायव्हरच म्हणतात. चुलते, म्हणजे त्याचे वडीलसुद्धा. फक्त त्याची बायको, माझी वहिनी, ‘हे’ म्हणते. घाटात फोनला रेंज नसते. आदल्या संध्याकाळी तो माल घेऊन गेला होता.

बोळ खोदलेला होता आणि खोदताना दुकानाची इंटरनेटची लाइन सकाळीच तुटली होती. दुकानदार म्हणाला, आता तुमच्या फोनमधलंच इंटरनेट केबलने लॅपटॉपला द्यायचं. पहिली केबल लावली, काही झालं नाही. दुसरी लावली. फोन चार्ज होऊ लागला, पण लॅपटॉपला फोन दिसेना. "ही नुसती चार्जिंगची," तो म्हणाला. "आत दोनच तारा. करंट जातो, माहिती जात नाय. बाजारात निम्म्या केबली अशाच." तिसरी चालली. मग त्याने मला ताकीद दिली: "आता फोनला हात लावू नका. मधेच फोन आला की ह्याचं नेट तुटतं, परत पहिल्यापासून करावं लागतं." त्याने फोनचा आवाज बंद केला, येणारे फोन मध्ये येणार नाहीत अशी व्यवस्था केली आणि फोन काउंटरवर पालथा ठेवला.

पुढचा सव्वा तास मी एका स्टुलावर बसून पडद्यावरची हिरवी पट्टी बघत होते. पट्टी चाळीस टक्क्यांवर बराच वेळ थांबली. दुकानदार मधून मधून पुढे जाऊन साड्या दाखवून येत होता.

पावणेएकला वायफायची खूण दिसली. तो म्हणाला, "घ्या, आला तुमचा ड्रायव्हर." मी केबल काढली आणि फोन सुलटा केला.

एकतीस फोन येऊन गेले होते.

मी ग्रुप उघडला. माझ्या मजकुराखाली अकरा चोवीसला भाच्याने विचारलं होतं, "कुठला ड्रायव्हर?" वायफायचा की आवाजाचा, एवढंच त्याला हवं होतं. ते विचारून तो ऑफिसच्या मीटिंगला गेला असावा, कारण त्यानंतर त्याचं काहीच नव्हतं. दोन मिनिटांनी चुलत्यांनी उत्तर दिलं होतं: "आपलाच. काल कांदा घेऊन गेलाय." त्याखाली एका आत्याचं: "नेटवर्क नाही म्हणजे फोन लागत नाही का?" मग कुणीतरी: "ताई जुन्नरला पोलीस स्टेशनलाच गेली असणार." मग: "ताईला फोन लावा." मग: "लावला. ती उचलत नाही." आणि शेवटी: "उचलत नाही म्हणजे खरं आहे."

बारा वाजून आठ मिनिटांनी दुसऱ्या कुठल्याशा ग्रुपवरून फिरत आलेला एक संदेश तिथे पडला होता: "माळशेज घाटात ओतूरची पिकअप दरीत. चालक बेपत्ता. शोधकार्य सुरू." खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग.

तो मजकूर ओळखायला मला वेळ लागला नाही. तो माझाच होता. कुणीतरी तो सुधारला होता. ड्रायव्हरचा चालक केला होता, मिसिंगचं बेपत्ता, शोधाचं शोधकार्य. डेस्कवर मी वर्षानुवर्षं हेच करत आले. दरी कुणी घातली ते मात्र आजपर्यंत कळलेलं नाही.

मी ग्रुप पुन्हा वरपासून वाचला. "काय झालं, ताई?" दुकानदाराने विचारलं. मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं, मग वरचं वाचलं, आणि तो खुर्चीत बसला.

मी आधी भावाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. इथपर्यंत बातमी खोटी आहे हे जगात नक्की ठाऊक असलेली मी एकटी होते. दुसऱ्यांदा बंद लागल्यावर मलाही ते नक्की सांगता येईना. तो आदल्या संध्याकाळचा निघालेला होता, आणि सकाळपासून त्याच्याशी कोण बोललं होतं?

मग वहिनीला लावला. तो सतत व्यस्त लागत होता. घरी लावला, तर शेजारच्या काकूंनी उचलला.

"वहिनी कुठे आहे?"

"ती गेली की घाटाकडं. जीपनं. तुझं चुलतं नि तिचा दीर हायेत संगं. तूच तर कळवलंस ना, बाई?"

"अहो, तो लॅपटॉपचा ड्रायव्हर!"

"कुनाचा?"

मी फोन ठेवला आणि वहिनीला लावत राहिले. सातव्या वेळी लागला. जीपचा घरघराट ऐकू येत होता.

"वहिनी, ऐका. ड्रायव्हर म्हणजे आपला नाही. लॅपटॉपचा. लॅपटॉपचा ड्रायव्हर सापडला आहे."

आवाज तुटत होता. घाटाच्या वाटेवरचं मढ सोडलं की रेंज जाते. तिला किती ऐकू गेलं, ते तिच्या उत्तरावरून समजलं.

"लॅपटॉप सापडला?" ती म्हणाली. "वन्सं, यांच्याकडं कुठनं लॅपटॉप आला? दुसऱ्या कुनाची गाडी असंल का ती?" त्या शेवटच्या वाक्यात आशा होती. मी बोलायच्या आत फोन तुटला आणि नंतर लागलाच नाही.

मी ग्रुपवर लिहिलं, की हे सगळं लॅपटॉपबद्दल होतं. ते जीपमधल्या तिघांपैकी कुणालाही मिळालं नाही. संदेशाखाली एकच टिक दिसत होती, दुसरी येत नव्हती. दुकानदाराने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "मिसिंग हा शब्द माझाच," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "नाय म्हणजे, पडद्यावर तसंच लिहून येतं." मी पाणी प्यायले. एक गिऱ्हाईक बाई ब्लाउजपीसचा भाव विचारत उभी होती; त्याने तिला हातानेच थांबायला सांगितलं. लॅपटॉप उघडा होता. त्यावर आता सगळं चालत होतं.

पुढची पस्तीस मिनिटं मी बघितलेली नाहीत. ती मी जीपमधल्या तिघांना वेगवेगळं विचारून घेतली. तिघांची हकिगत जुळते.

खुबी फाट्याच्या अलीकडे एका हॉटेलसमोर त्यांना पिकअप उभी दिसली. रिकामी, ताडपत्री घडी करून ठेवलेली. पहिल्यांदा वहिनीला दिसली. तिने जीप थांबायच्या आत दार उघडलं. भाऊ बाकड्यावर बसून मिसळ खात होता. फोनची बॅटरी पहाटेच संपली होती, आणि घरी जातोच आहे तर कशाला, म्हणून त्याने चार्जिंगची खटपट केली नव्हती.

"तू हितं कशी?" त्याने विचारलं.

चुलते मागून आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर, पाठीवर, दंडावर हात फिरवून बघितलं. "आरं, फोन कशाला असतो रं?" एवढंच ते म्हणाले आणि शेजारी बसले.

वहिनीच्या हातात पिशवी होती. भावाने ती घेऊन बघितली. आत त्याचे धुतलेले कपडे होते, पँट, शर्ट, बनियन, टॉवेल.

"मला कुठं धाडतीस काय, पाहुणा म्हणून?" तो हसत म्हणाला.

"भिजला असाल तर," ती म्हणाली.

कपड्यांच्या खाली प्लास्टिकच्या पाकिटात त्याच्या लायसनची झेरॉक्स आणि एक पासपोर्ट फोटो होता. तो फोटो बघून त्याचं हसणं थांबलं. फोटो पोलिसांना द्यावा लागतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने आपल्या मनाने घेतला होता. वहिनीचा धाकटा दीर सांगतो, की दादाने मग समोरची मिसळ बाजूला सारली आणि गाडीकडे निघाला. हॉटेलवाला मागून ओरडत होता, "पावणं, चहा सांगितलेला की!"

पाऊण वाजल्यापासून बसलेली मी दीडच्या सुमाराला फोन वाजल्यावर उठले. वहिनीच्या दिराचा होता, रेंजमध्ये आल्यावर केलेला. "घावला," तो म्हणाला. "मिसळ खात व्हता."

मी संध्याकाळी ओतूरला पोचले. ओट्यावर पंधराएक माणसं होती. त्यातले काही जण सांत्वनाला निघून अर्ध्या वाटेत खरं कळलेले, आणि तरीही आलेले. भावाची चेष्टा चालली होती. "दरीतनं वर कसा आलास रं?" "मिसळीचा फुल्ल टँक करून आलाय!" तो सगळ्यांना हसून उत्तर देत होता. मी आत गेले.

वहिनी भाकरी थापत होती. तिने वर बघितलं नाही. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं: फॉरमॅट, पिवळे त्रिकोण, केबल, पालथा फोन. लॅपटॉपमधल्या त्या वस्तूला ड्रायव्हरच म्हणतात, हेही सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमी पेपरात व्हता ना, वन्सं?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

चूक छापली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापायचा, हा आमचा नियम. मी तिथेच पाटावर बसून खुलासा लिहिला. गावाच्या ग्रुपवरही टाकायचा होता, म्हणून नीट लिहिला: सकाळच्या मजकुरातील ड्रायव्हर हा शब्द लॅपटॉपमधील सॉफ्टवेअरला उद्देशून होता, त्यावरून गैरसमज झाला, घाटात कुठलाही अपघात झालेला नाही, संबंधित चालक घरी परतले आहेत. पाठवण्याआधी तिला वाचून दाखवला.

"हे घरी आल्यात ते कुठंय?" तिने विचारलं.

ते शेवटच्या ओळीत होतं.

"ते पहिलं लिवा. लॅपटॉपचं मागनं लिवा, नाय लिवलं तरी चालंल."

मी सगळं खोडलं आणि पहिली ओळ लिहिली: ड्रायव्हर घरी आला आहे. तिने पिठाचे हात पदराला पुसले, फोन जवळ घेतला, ती ओळ ओठ हलवत वाचली आणि परत दिला.

"‘सुखरूप’ घाला," ती म्हणाली. "आनि यांचं नाव लिवा पुरं. ड्रायव्हर नगं."