ॲक्सिलरेटर दाबला की येणारा आवाज

सोमवारी शाळेत अर्धी रजा टाकून जळगावात घराजवळच्या, पिंप्राळ्याच्या गॅरेजवर बसले होते. समोर माझी गाडी बॉनेट उघडून उभी… आणि खरं सांगू, मला तिचं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी आई धुळ्यात अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून माझा प्रत्येक शनिवार-रविवार जळगाव-धुळे, धुळे-जळगाव. मी एकुलती एक, आणि नवऱ्याची नोकरी बाहेरगावी, त्यामुळे स्टिअरिंग माझ्याच हातात. शनिवार-रविवारला सुट्टी म्हणणंच मी सोडून दिलं.

त्यात हा आवाज सुरू झाला. ॲक्सिलरेटर दाबला की हूंऽऽऽ… पाय काढला की गप्प. आधी बारीक होता, मग दर आठवड्याला वाढत गेला आणि पिकअपही मेला. पारोळ्याच्या पुढे ट्रकला ओव्हरटेक करताना तर जीव मुठीत.

गाडी बंद पडून चालणार नव्हतं, कारण या रविवारी आईला तिच्यातूनच जळगावला आणायचं ठरलं होतं, निदान ती नीट चालेपर्यंत. नाना, म्हणजे माझे वडील, धुळ्यातच राहणार होते. एकटे. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी मुक्कामाला राहत नाही, चहा घेऊन उठतो. किती विनवलं, पण त्यांचं एकच, "आंडेरना घर कोन ऱ्हास?" लेकीच्या घरी कोण राहतं… विषय संपला. मलाही भांडायची ताकद उरली नव्हती. म्हटलं राहा.

तर गॅरेज. आधी बेल्ट बदलून झाला होता, आवाज तसाच. मग अल्टरनेटरच्या बेअरिंगवर संशय, तेही ठीक निघालं. चाकाचं बेअरिंग म्हणावं तर गाडी जागेवर उभी ठेवून रेस केली तरी हूंऽऽ येतच होतं. मेकॅनिकभाऊ पण वैतागले होते. शेवटी त्यांनी एअर फिल्टरचा डबा सोडवला, आणि रेस केली तर आवाज गायब.

"ताई, हवाच मिळत नाही गाडीला. पुढे काहीतरी अडकलंय."

जाळीच्या मागे इंजिनाला हवा घ्यायचा एक पाइप असतो. त्याच्या तोंडात त्यांनी बोटं घातली आणि कापडाचा एक बोळा ओढून काढला. त्याच्यामागे आणखी एक. मग आणखी एक. दोन जुन्या बनियनचे तुकडे आणि एक आईच्या निळ्या सुती साडीचा…

"कुणी मुद्दाम केलंय का हो?" त्यांनी विचारलं.

मी ते बोळे त्यांच्या हातून घेतले. ते बोळे कुणाचे, मला बघताक्षणी कळलं होतं.

धुळ्याच्या घराला लागून एका व्यापाऱ्याचं शेंगदाण्याचं गोडाऊन आहे, त्यामुळे उंदीर पाचवीला पुजलेले. एकदा त्यांनी हवेच्या पाइपातून शिरून पाहुण्यांच्या गाडीचा एअर फिल्टर कुरतडला, तेव्हापासून अंगणात रात्री कुणाचीही गाडी थांबली की नाना त्या पाइपात बोळा कोंबतात. सकाळी निघायच्या आधी बॉनेट उघडून तेल-पाणी बघतात आणि बोळा काढून घेतात. इतक्या वर्षांचा हा नेम. गाडी त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय फाटकाबाहेर पडायचीच नाही.

हल्ली ते सकाळी बॉनेट उघडत नव्हते. आईच्या दुखण्याने थकले असतील, असं मी धरून चालले होते. पण ते बोळा काढायलाच विसरत होते. आणि पुढच्या शनिवारी आधीचा तिथेच आहे हेही विसरून, दुसरा घालत होते.

गाडीची तपासणी करता करता मी जणू नानांचाच रिपोर्ट हातात घेऊन बसले होते… आणि याच माणसाला मी रविवारी गॅसची शेगडी, रिकामं घर आणि स्वतःच्या गोळ्या सोपवून एकटं सोडणार होते.

तिथूनच आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माले माहीत शे बेटा. दूध दोनदा उतू गयं. तुले अजून कितलं सांगू…"

रविवारी धुळ्याला गेले. ठरवलं होतं, बोळ्यांचा विषय काढायचा नाही. जेवण झाल्यावर नानांना एवढंच म्हटलं, "नाना, पिंप्राळ्याला उंदरांनी उच्छाद मांडलाय. रात्री गाडी उघड्यावर असते. मला ते बोळ्याचं काही जमत नाही."

खोटं होतं. आमच्या कॉलनीत इतकी मांजरं आहेत की उंदीर औषधालाही सापडायचा नाही.

नाना विचारात पडले. "तठे बी उंदीर शेतस?" मी मान हलवली. ते उठले आणि आतल्या कपाटातून जुन्या बनियन काढून पिशवीत भरायला लागले. आईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला.

आता दोघं माझ्याकडे आहेत. शनिवार-रविवारचा प्रवास संपला, बाकी दमणूक आहे तिथेच आहे… कदाचित वाढलीच आहे. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते काय सांगणार याचा अंदाज आहे, त्यामुळे झोप लागत नाही.

रोज संध्याकाळी नाना खाली जाऊन गाडीला बोळा लावून येतात. रोज सकाळी शाळेत निघताना मी तो काढते, आणि वर येऊन, त्यांच्या नकळत, परत त्यांच्या पिशवीत ठेवते.

गाडी आता अजिबात आवाज करत नाही. पण महिनाभर केला, फार उपकार झाले तिचे.